ढोल वाजायच्या आधी

मार्च उजाडला की नगरपालिकेला एकदम आपली तिजोरी आठवते. मग झाडूवाला म्हणू नका, शिपाई म्हणू नका, सगळ्यांना वसुलीला जुंपतात. थकबाकीदाराच्या दारात ढोल बडवून त्याची अब्रू काढायची, ही यंदाची शक्कल. खुर्शीद गावातल्या एकुलत्या एका बंबाचा एकुलता एक ड्रायव्हर. दुसरी जागा भरायला पालिकेकडे पैसे नव्हते. ढोल त्याच्याच गळ्यात अडकवला.

अब्रूची भीती गरिबालाच असते. टिनाच्या घरातली तानाबाई ढोल पाहताच लगबगीनं बाहेर आली. कापसाच्या जिनिंगवरच्या मजुरीचे पैसे पदरात बांधूनच आणले होते.

"वाजवू नको खुर्शीदभाऊ. माह्या काजलले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले. आत्ताच भरतो मी."

"मंग काऊन वाजवीन?"

पावती घेताना तिनं विचारलं, "पण या टॅक्साचं करता काय बाप्पा तुम्ही? नळाले आठ-आठ दिवस पाणी नाही."

खुर्शीदचाच पगार दोन महिने झाला नव्हता. "आग लागली तं बंब येते," तो म्हणाला. दोघंही हसले.

तिथून वसुलीवाले पंजाबरावच्या जिनिंगवर गेले. इथली थकबाकी अख्ख्या वॉर्डाहून मोठी. खुर्शीदनं चार टिपऱ्या हाणल्या असतील नसतील, पंजाबराव लोखंडी पहार घेऊनच बाहेर आला. बरोबरचे लोक जे पळाले, त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

"इथला रोड मी केला, लाईट मी आणली. तुमची पालिका काय देते बे मले? टॅक्स नाही हा, खंडणी हाये."

त्याचं अगदीच खोटं नव्हतं, पण खरं बोलणाऱ्याच्या हातात पहार असली की कोण ऐकतो. पहिल्या घावात ढोल फुटला. दोन चौकीदारांनी खुर्शीदला मातीत दाबून धरलं आणि दुसरा घाव डाव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचं त्याला कानानं कळलं. मग पंजाबरावनं तोंडावर लाथ घातली. पुढचा दात तुटून घशात गेला आणि रक्ताबरोबर बाहेर आला.

"मार्च संपू दे, मग पाहू," त्याची तक्रार ऐकून पालिकेतले साहेब म्हणाले. दुखण्यापेक्षा अपमान जास्त जाळतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो प्लास्टरचा हात छातीशी धरून बंबाजवळ खाटेवर बसला होता. हातात चहाचा कप होता. गोविंदा, त्याचा जोडीदार, फोन ठेवून धावत आला.

"खुर्शीदभाई, पंजाबरावची जिनिंग पेटली."

खुर्शीदला आनंद झाला. खोटं कशाला बोला, इतका आनंद त्याला ईदलाही झाला नव्हता. छपरांच्या वर काळा धूर चढत होता.

"उठा न. मलकापूरचा बंब येईपर्यंत तं राख होईन."

"चहा पिऊ दे."

मजूर काय, बाहेर पळालेच असतील, त्यानं मनाशी म्हटलं. जळणार तो कापूस, तोही त्या हरामखोराचा. त्यानं फुंकून फुंकून कप संपवला आणि वर अर्धा मागितला. गोविंदानं आईवरून शिवी दिली तेव्हा कुठं तो उठला.

उजव्या हातानं स्टिअरिंग धरलं, गिअर गोविंदानं टाकले. फाटकापाशीच झळ तोंडाला लागली. सरकी तडतडत होती, पत्रे वाकून खाली कोसळत होते. भुवया जळालेला पंजाबराव वेड्यासारखा मागच्या शेडकडे हात करत होता.

"तिकडं मार पाणी. बाई हाये आतमंधी."

ढीग पेटून दार अडलं होतं. आतली बाई पत्रा बडवत होती, सगळ्यांनी ऐकलं होतं. बंब फाटकात शिरायच्या जरा आधी पत्रा वाजायचा थांबला होता.

पाणी मारून, पत्रा कापून तिला बाहेर काढलं. तोंड ओळखू येत नव्हतं. हातातल्या बांगड्यांवरून बायांनी ओळखलं, तानाबाई.

पंजाबरावनं खुर्शीदची कॉलर धरली. "काऊन उशीर केला बे?"

गोविंदानं मान खाली घातली. गाडी चालू झाली नाही म्हटलं असतं तर कोणी तपासायला येणार नव्हतं.

"चहा पिऊन राह्यलो होतो," खुर्शीद म्हणाला. "तुमचा माल जळू देत होतो. तानाबाई आतमंधी हाये, माहीत नव्हतं मले."

पंजाबरावचा हात वर गेला. प्लास्टरकडे नजर गेली आणि तो हात तसाच खाली आला. खुर्शीदला वाटलं, यानं मारायला पाहिजे होतं.

बायांच्या घोळक्यातून काजल पुढं आली. कालची पाहुण्यांसाठी काढलेली मेंदी हातावर अजून ताजी होती.

"चाचा, मायनं तं भरला होता न टॅक्स?"

"हाव."

तिनं विटेचा तुकडा उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. खुर्शीदनं चांगला हातही मधे घातला नाही.