कोल्हार ऐकू येत नाही

“अगं पूजा, फोन लावून बघ की एकदा. म्हातारं मानूस हाय,” सासूबाई, म्हणजे भागिरथीबाई, शुक्रवारी सकाळीच म्हणाल्या होत्या. आमच्या पूजाने ते हसण्यावारी नेलं. “आई, फोनवरच विचारायचं असेल तर हा रेडिओ कशाला?”

त्यातला ‘हा रेडिओ’ म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना वायरलेस सेट आहे, आणि पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगतो: त्या दोन दिवसांत माझ्यात काडीचाही बिघाड नव्हता.

माझी उमेदीची वर्षं एका साखर कारखान्याच्या जीपमध्ये गेली. कोणत्या शिवारात तोड चालू आहे, कुठे ट्रॅक्टर रुतलाय, सगळं माझ्यातून कारखान्यात पोचायचं. तिकडच्या टोकाला ऑपरेटर आसाराम काका बसायचे. “त्या सेटसारखा सेट नाही,” असं ते चारचौघांत म्हणायचे. मग मोबाईल आले आणि माझी रवानगी भंगाराच्या खोलीत झाली. सहा वर्षं मी धूळ खाल्ली. काका निवृत्त झाले तेव्हा साहेबांकडे मला मागून घरी घेऊन आले, दोन भाग बदलले आणि हौशी रेडिओवाल्यांच्या लहरींवर बोलायला शिकवलं. राहात्याची पूजा त्यांच्याकडेच हे सगळं शिकली. ती सरकारी परीक्षा पास होऊन तिला परवाना मिळाला, त्या दिवशी काकांनी मला तिच्या ओटीत घातलं.

तेव्हापासून सकाळी सात आणि संध्याकाळी सात ही आमची हजेरीची वेळ. कोल्हारच्या मळ्यातल्या वस्तीवरून, एकटे राहणारे काका आपल्या दुसऱ्या सेटवरून हाक द्यायचे. राहात्याहून आम्ही ओ द्यायचो.

रविवारी आम्ही कळसूबाईला जाणार होतो. डोंगरमाथ्यावर अँटेनाची तार ताणायची आणि तिथून चार जणांशी तरी बोलायचं, तेव्हा कुठे ती मोहीम नोंदवहीत चढते. पूजाची ही पहिलीच, आणि पहिली हाक कोल्हारला द्यायची हे पक्कं होतं. मात्र फोनवर विचारून जुळवलेलं बोलणं वहीत चढवायचं नाही, हा काकांचाच दंडक. आधी फोन झाला असता तर रविवारची ती पहिली हाक बाद ठरली असती; पूजाने फोन का लावला नाही, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

घरात नुसती तारांबळ होती. वजनाला हलकी म्हणून पूजाने नवऱ्याच्या फवारणी पंपाची बॅटरी काढली. “आता पेरूवर काय तुझा रेडिओ फवारू?” सचिन वैतागला. चार वर्षांच्या ज्ञानेश्वरीला सोडून दिवसभर बाहेर राहायची पूजाची ही पहिलीच वेळ, म्हणून तिने सासूबाईंसाठी दोन पानं लिहून ठेवली: ताप आला तर कोणतं औषध, पडली तर कोणता मलम, कुठल्या डॉक्टरांना कधी गाठायचं. ज्ञानेश्वरीचं वेगळंच चाललं होतं. “आई, शू आली. ओव्हर.”

आणि शुक्रवारी सकाळी सातला कोल्हार गप्प.

“कोल्हार, कोल्हार, राहाता बोलतेय.” उत्तर म्हणून खरखर. पूजाने आधी बॅटरीवर संशय घेतला. संध्याकाळीही खरखरच, तेव्हा गच्चीवर चढून तिने तार चार बोटं कापली. मग पुन्हा दोन बोटं. शनिवारी सकाळीही तेच झालं, तेव्हा तिने माझे स्क्रू काढले आणि पाठीत दोन चापट्या दिल्या. “उद्या डोंगरावर जायचंय आणि हा इथंच मान टाकतोय!”

“भंगारातलाच ना तो,” सचिन पेरूच्या जाळ्या उचलून मार्केटला जाता जाता म्हणाला.

मित्रांनो, माझी काय चिडचिड झाली म्हणून सांगू! जो माणूस तापातसुद्धा पाळी चुकवत नसे, तो सलग तीन हजेऱ्या चुकवतो? मला ते कळत होतं. पण जन्मभर दुसऱ्यांचे निरोप पोचवले, माझा स्वतःचा एक निरोप मला देता येईना.

नऊच्या सुमाराला आमच्यातलाच एक हौशी रेडिओवाला, श्रीरामपूरचा हर्षल, माझ्यातून बोलला. त्याची नोकरी पाळीची, तो शनिवारीच सापडतो. “ताई, आवाज खणखणीत! झाली का तयारी?”

“खणखणीत? कालपासून कोल्हार ऐकू येत नाही. दोनदा तार कापली मी.”

“आं? तारेनं काय घोडं मारलंय? तुमचं सगळं ठीक आहे. काका मलापण सापडेनात.”

पूजाच्या हातून बटण सुटलं. तिने मोबाईल उचलला. तीनदा रिंग पूर्ण वाजली. मोबाईल माझ्याशेजारीच टाकून ती स्कूटीची किल्ली घेऊन धावली. “आई, ज्ञानेश्वरीकडे बघा!”

पाऊण तास भागिरथीबाई नातीला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसून होत्या. मग काकांच्या सेटची ती ओळखीची गुणगुण आली. आवाज मात्र पूजाचा होता. “हर्षल, ऐकतोयस? काका पडलेत. कालपासून पडून आहेत. बोलतायत, पण हलता येत नाही. लगेच ॲम्ब्युलन्स पाठव. ओव्हर.”

“व्हय गं, येतंय ऐकू!” भागिरथीबाई बटण न दाबताच ओरडल्या.

“आजी, ओव्हर म्हण,” ज्ञानेश्वरीने आठवण केली.

हर्षलने ऐकलं होतं, त्याने लगेच ॲम्ब्युलन्स धाडली. शुक्रवारी पहाटे रेडिओच्या खोलीतून बाहेर पडताना काका उंबऱ्यात घसरले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. खोलीतला दिवा रात्रभर जळत राहिला, आणि शेजारच्या वस्तीला वाटलं, म्हातारा बसलाय रेडिओवर.

कळसूबाई राहिली ती राहिलीच. माझे स्क्रू पूजाने परत बसवले, एक अजून सापडलेला नाही. माझी माफी कुणी मागितली नाही. असो.

दोन महिन्यांनी काका वॉकर घेऊन पुन्हा वस्तीवर आलेत, एकटेच. मुलगा पुण्याला बोलावतो, तर म्हणतात, “तिथं गच्चीवर तार बांधू देत न्हाईत.” आणि आता पूजाच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, सोमवारपासून आठ दिवस पूजा माहेरी, नेवाशाला असेल. मी इथे टेबलावर बंद. राहात्याहून कोणी ओ देणार नाही, आणि हर्षल शनिवारचाच.

तेव्हा मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी कोल्हारच्या बाजूचं असेल तर तेवढे आठ दिवस काकांकडे रोज एक चक्कर टाका. घरामागे उंच बांबूला तार बांधलेली दिसेल. ओट्यावरून मोठ्याने हाक मारा. “बसलोय रेडिओवर!” असं ते स्वतःच्या तोंडाने म्हणेपर्यंत माघारी फिरू नका.