चिमटा हालंल

सांगतो, पण हसू नका.

माझी पोरगी वैष्णवी बेंगळूरला संशोधन करते. दिवाळीला नेकनूरला आली तवा मीच इचारलं, "काय करतीस गं तिथं?" तिनं माझ्या मनगटावरल्या घड्याळाला हात लावला. "आबा, ह्याच्यात एक बारका चिमटा असतो, सारखा थरथरतो. तसलाच मी हेलियममधी सोडते. हेलियम म्हंजी फुग्यातला गॅस. लई गार केला की त्याचं पाणी व्हतं, आन् आजून गार केलं की ते पाणी कशालाच अडवत न्हाई. चिमटा कसा हालतो, किती येळ हालतो, त्यावरून त्या पाण्याचा सभाव कळतो." जाताजाता म्हणली, "नाजूक काम हाय आबा. कुणी शेजारून चाललं तरी चिमट्याला कळतं."

तेवढंच माझ्या टाळक्यात बसलं. तवापासून मी फोनवर कुजबुजायला लागलो. सुरेखाला, माझ्या बायकोला, तर दमच भरला, "हळू बोल, चिमटा हालंल!" पोरगी तिकडून म्हणायची, "आबा, रेंज न्हाई का?" आन् मला वाटायचं, किती जपतोय आपण पोरीला!

परवा सुरेखाचं पोट लई दुखायला लागलं. बीडला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणले, पित्ताची पिशवी सडलीय, आत्ताच ऑपरेशन. ती पार घाबरली. "एकदा वैष्णवीचा आवाज ऐकवा, मंग खुशाल न्या."

"तिचा प्रयोग चालू हाय. तू रडशील, पोरीचं समदं वाया जाईल."

"न्हाई रडत. लावा की वो."

मी न्हाई लावला. तिला आत नेलं.

थोड्या येळानं पोरीचाच फोन आला. मी कुजबुजत सांगितलं. ती वरडली, "मोठ्यानं बोला आबा! आईला काय झालं?"

"आगं, चिमटा..."

"चिमटा बंद डब्यात असतो! माझा फोन इकडं बाहेर. तुमी कितीबी वरडा, त्याला काय व्हतंय?"

आरं देवा, काय केलं मी! दाराकडं पळालो, तर नर्सबाईनं आडवलं. तिथंच बाकड्यावर बसून सोताला शिव्या घातल्या. ती आतून परत आलीच न्हाई तर? एवढंच डोक्यात फिरत व्हतं.

आली. संध्याकाळी शुद्धीवर आली. मी फोन लावून तिच्या तोंडाशी धरला.

"आई! आई, बोल ना गं!"

सुरेखाचे डोळे भरले. तिनं फोन हातानं झाकला, भीतभीत माझ्याकडं बघितलं आन् कुजबुजली, "बोलू का? हालायचा न्हाई ना?"