कागदाची पाठ

बत्तीस वर्षं विद्यापीठाच्या कचेरीत टंकलेखन करून आत्या निवृत्त झाली, तेव्हा निरोप समारंभात कुलसचिव म्हणाले होते, "बाईंच्या कागदात कधी चूक सापडली नाही." हे वाक्य आत्याने घरी इतक्यांदा ऐकवलं होतं की तिच्या भावाची मुलगी ते पाढ्यासारखं म्हणून दाखवायची.

आता तीच भाची परदेशातून, फोनच्या पडद्यावर, रडकुंडीला आली होती. तिथल्या एका शाळेत तिला रसायनशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली होती, पण पदवीला तिथल्या मान्यता कार्यालयाची मोहोर हवी होती. शाळा शुक्रवारपर्यंतच थांबणार होती. आणि कार्यालयाने बाकी सगळ्याला क्रेडिट देऊन प्रात्यक्षिकांना मात्र भोपळा दिला होता.

"अभ्यासक्रमाच्या कागदावर प्रात्यक्षिकांचे तासच नाहीत म्हणे. त्यांच्या लेखी मी तीन वर्षं नुसती बाकावर बसून होते, आत्या!"

"अगं, मग मनगटावरचा तो ॲसिडचा डाग?"

"दाखवला. तिथल्या अधिकारी बाई म्हणाल्या, डागाला क्रेडिट नसतं."

"विद्यापीठाला लिहिलंस?"

"चारदा. एकच उत्तर. कागद जसा आहे तसा पाठवला आहे."

"कोण गाढव होतं ते टाइप करणारं?" आत्या कडाडली. "तासांचा रकाना गाळायचा म्हणजे काय! उद्याच जाते."

कचेरीतल्या तिच्या जुन्या खोलीत आता स्कॅनर होता. पूर्वी तिथे पाच जणींचा टकटकाट चालायचा. ओळ संपली की मशीनची घंटी वाजायची आणि त्या गदारोळात सासूपासून साहेबापर्यंत सगळ्यांची उणीदुणी निवांत काढता यायची. आता शिंक आली तरी माफी मागावी अशी शांतता. तिथल्या कारकुनाला सगळे उद्याबुवा म्हणत. का, ते पहिल्याच वाक्यात कळलं.

"बाई, उद्या आलात तर..."

"आज आलेय ना? दाखव."

त्याने पडद्यावर कागद काढला. विषय, पेपर, गुण, पुस्तकं, सगळे रकाने होते. तासांचा नव्हता. आत्याने चष्मा सारखा केला, आणि तिचं लक्ष 'र'कडे गेलं. प्रत्येक 'र' ओळीच्या अर्धी पायरी वर बसला होता. असा उडता 'र' सबंध कचेरीत एकाच मशीनचा होता.

"काय झालं बाई?"

"पाणी दे जरा."

तिला तो दिवस लख्ख आठवला. तक्त्यात आठ रकाने, आणि तिच्या मशीनवर मावायचे सात. रुंद कागद घेणारं लांब गाडीचं मशीन एकच, परीक्षा विभागात, आणि त्यावर बसायची तिची एक मैत्रीण, जिला सगळ्याजणी महाराणी म्हणायच्या. "आधी माझे निकाल, मग तुझे रकाने," असं ती म्हणाली आणि दोघींचं बोलणं कायमचं तुटलं. आत्याही हट्टाला पेटली. तिने कागद उलटा केला आणि तासांचा रकाना पाठीमागे, ओळीसमोर ओळ आणून टाइप केला. पुढे 'मागे पाहा' लिहिलं नाही. कागदाला दोन बाजू असतात हे पदवीधरांना काय सांगायचं?

"मूळ गठ्ठा काढ."

"बाई, ते उद्या..."

"आत्ता. नाहीतर मी इथेच डबा उघडून बसते."

गठ्ठा निघाला, धूळ उडाली, कागद उलटला. प्रात्यक्षिक, आठवड्याला सहा तास.

"अरेच्चा! मागेपण आहे?"

"कागदाला पाठ असते रे बाळा."

"स्कॅनरला पोटच दिसतं, बाई."

आता फक्त विद्यापीठाचं पत्र हवं होतं, एक रकाना मागे का गेला ते सांगणारं. उद्याबुवाने लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव'. आत्याने ते वाचलं. जे लोक डाग मानत नाहीत, ते हे मानतील? पुन्हा खुलासा मागतील आणि शुक्रवार जाईल.

"खोड ते," ती म्हणाली. कुलसचिवांचं वाक्य तिने मनातल्या मनात शेवटचं म्हणून घेतलं. "लिही. टंकलेखिकेचं मशीन लहान होतं आणि मोठं पुन्हा मागायला तिचा अहंकार आडवा आला. तास मागे टाइप केले, पण तशी सूचना पुढे दिली नाही. चूक तिची आहे. ती समक्ष सही करत आहे."

"विद्यापीठाच्या पत्रात अहंकार, बाई?"

"बत्तीस वर्षं काढलीत मी इथे. अहंकाराशिवाय इथे एक कागद हलला नाही."

नव्या कुलसचिवांनी पत्र दोनदा वाचलं, हसू दाबलं आणि सही ठोकली.

शुक्रवारी भाचीचा फोन आला. "मिळाले! सगळे क्रेडिट मिळाले! आणि आत्या, ते गाढव कोण म्हणालीस..."

"पुढे बोल."

"त्या अधिकारी बाईंनी विचारलंय, बाकीच्या विषयांच्या कागदांनाही पाठ आहे का? इथे आपल्याकडचे अकरा जण अडकलेत."

आत्याने बोटांवर मोजलं. त्या वर्षी तिने त्याच लहान मशीनवर एकोणीस विषय टाइप केले होते.

सोमवारी ती डबा घेऊन कचेरीत गेली. उद्याबुवाने निमूटपणे खुर्ची पुढे केली. गठ्ठ्यांचा तो डोंगर पाहून तिने फोन काढला आणि कित्येक वर्षांत न लावलेला नंबर लावला.

"मी बोलतेय. रिकामी असशील तर ये. एकोणीस गठ्ठे उलटायचेत."

"आत्ता आठवण झाली होय माझी?" पलीकडून महाराणी म्हणाली.

"तुझ्या त्या लांब गाडीपायीच झालंय सगळं."

पलीकडे स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मग, "डबा आणू, की तुझ्यात भागेल?"