सेहेचाळीस नंबरचं पाकीट

टेबलावर एकशे वीस पाकिटं होती, दहा-दहाच्या बारा चळती. एक पट्टी, एक लाल पेन्सिल, कुठल्या पाकिटात काय जायचं याचा, चिठ्ठ्या टाकून तयार केलेला माझा तक्ता. आणि समोरच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून बसलेले डिंककाका.

"मोजा ताई, मोजा. सरांनी सांगितलंय म्हटल्यावर मोजायलाच हवं."

काका आमच्या विभागाचे कारकून. प्रयोग कुणाचाही असो, पाकिटं भरायची आणि चिकटवायची ती त्यांनीच. नाव तिथूनच पडलेलं. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते.

प्रयोग माझा होता. तीन वर्षं त्यात गेली होती. प्रशिक्षणाला आलेल्या एकशे वीस हिशेबतपासनिसांना मी एका काल्पनिक कंपनीची फाईल तपासायला दिली. निम्म्यांच्या पाकिटात एक कागद जास्तीचा होता: कशाकशाचा संशय घ्यावा, याचे दहा प्रश्न. फाईलमध्ये मी एक चूक पेरली होती. गोदामातला माल मोजला तीन तारखेला, आणि तो गोदामात पोचला पाच तारखेला. यादी मिळालेल्या साठांपैकी एकवीस जणांना ही चूक सापडली. यादी न मिळालेल्या साठांपैकी बावीस जणांना.

सकाळी माझ्या मार्गदर्शक सरांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

"फरक पडायलाच हवा होता. पाकिटं कुणी भरली?"

"काकांनी."

"मग झालं तर! केली असणार सरमिसळ. सगळी उघडून बघ. यांचं हे पहिल्यांदा नाहीये."

खरं सांगायचं तर काका दोषी निघाले असते तर मलाही हवंच होतं. त्यांची चूक सापडली की माझी तीन वर्षं वाचत होती. म्हणून मी पाकिटांइतकंच त्यांच्याकडेही बघत होते. बोटं थरथरतात का? डोळे नीट दिसतात का? चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. तेही मी मनात टिपून ठेवलं.

पंचेचाळीसपर्यंत सगळं तक्त्याशी जुळलं. सेहेचाळीसमध्ये यादी असायला हवी होती. नव्हती.

"काका, यात यादी नाहीये."

ते जागचे हलले नाहीत. "घातली होती."

"पण नाहीये ना!"

"ताई, तुम्हाला धरून मला तिसऱ्यांदा मोजताहेत. अकरा वर्षांपूर्वी एक बाई होत्या. मग पाच वर्षांपूर्वी ते उंच सर. दोघांची अशीच यादी, प्रश्न तेवढे इकडचे तिकडे. दोघांनाही फरक दिसला नाही, दोघांनीही प्रयोग गुंडाळून ठेवला. माझ्या सेवापुस्तकात मात्र शेरा बसला, 'पाकिटं भरण्यात हलगर्जी'. बायको अजून म्हणते, भाजीची पिशवी मीच भरते, तुम्ही राहू द्या." ते हसले नाहीत. "जमलं की अक्कल साहेबांची, फसलं की डिंक माझा."

मी पेन्सिल खाली ठेवली. सुरुवात करण्याआधी मी हाताला लागतील ती सगळी नियतकालिकं धुंडाळली होती. अशा यादीवर कुणी एक ओळ लिहिलेली नव्हती.

मग मी सेहेचाळीसची फाईल एकेक पान उलटून पाहिली. यादी गोदामाच्या दोन पानांमध्ये सरकवलेली होती. खाली तपासनिसाची सही. दहाही प्रश्नांपुढे बरोबरच्या ठसठशीत खुणा. चूक मात्र त्याला सापडलेली नव्हती.

एकशेविसाव्या पाकिटापर्यंत मी मोजत गेले. सगळी जुळली.

"त्या दोघांचे कागद कुठे आहेत, काका?"

"कपाटावर, दोन खोक्यांत. फेकून द्या म्हणाले होते. म्हटलं, राहू देत. कुणीतरी कधीतरी नीट मोजेल."

मी स्टुलावर चढून खोकी उतरवली. एकात ऐंशी पाकिटं, दुसऱ्यात शहाण्णव, दोन्हींत त्यांचे त्यांचे तक्ते. काका भिंतीशी उभे राहिले.

"मी हात लावत नाही. उद्या म्हणाल, काकांनी फिरवले."

दोन्ही खोक्यांतली पाकिटंही आपापल्या तक्त्याशी जुळली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिन्ही प्रयोगांचे कागद सरांपुढे ठेवले.

"'काहीच फरक पडला नाही' हे कोण छापणार, बाई?"

"अकरा वर्षांपूर्वी कुणी छापलं असतं सर, तर मी हा प्रयोग केलाच नसता."

त्यांनी जुने तक्ते पुढे ओढले. "आणि ती जुनी पाकिटं काकांनी मागाहून नीट लावली नसतील, कशावरून?"

"प्रत्येक यादीवर तपासनिसाची सही आहे. फाईलवरही. मी एकेक लावून पाहिली."

सरांनी चष्मा लावला आणि पहिल्या सहीपासून सुरुवात केली. मी उभी होते. तासाभराने ते एवढंच म्हणाले, "त्या बाईंना आणि त्याला पत्र लिही. लेखात त्यांची नावंही घालावी लागतील."

लेख नियतकालिकाकडे गेला तो महिन्याच्या शेवटच्या दिवशी. पाकीट काकांनी भरलं. डिंक लावण्याआधी त्यांनी चौथं पान बाहेर काढलं, दोऱ्याची काडी कानामागे सारखी केली आणि तक्त्याची शेवटची ओळ मोठ्याने वाचली.

प्रयोग तीन. पाकिटं दोनशे शहाण्णव. चुकीच्या पाकिटात गेलेले कागद शून्य.