सुजलेला फोन

"ज्या माणसाने उभं आयुष्य लोकांच्या तोंडात हात घालून काढलं," दातांचे डॉक्टर बाह्या सरसावत म्हणाले, "त्याला एका बॅटरीची कसली आलीय भीती? फोन काय चावणार आहे?"

आणि त्यांनी बायकोच्या फोनच्या पाठीखाली आपली स्टीलची पट्टी सरकवून जरा जोर दिला. कट्ट आवाज झाला. पाठीच्या काचेचा कोपरा उडून सरळ त्यांच्या अंगठ्यात घुसला.

"चावला," बाकावरून सासूबाई म्हणाल्या.

घराच्या पुढच्या खोलीतच डॉक्टरांचा दवाखाना. रविवार असल्याने दार बंद, पेशंटच्या बाकावर एकट्या सासूबाई, आणि पेशंटच्या खुर्चीपुढच्या ट्रेवर, प्रखर दिव्याखाली, फोन पालथा पडलेला. महिनाभर तो आतून सुजत चालला होता. हिरडी फुगावी तशी त्याची पाठ वर आली होती. चार्जरवरून काढला की बोलता बोलता मान टाकायचा. एरवी उद्या दुकानात नेऊन दिला असता. पण आज संध्याकाळी पाच वाजता त्यावर ताईचा फोन यायचा होता.

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. दोघी बहिणी तीन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्याचं कारण या क्षणी अंगठा चोखत उभं होतं. डॉक्टरांनी ताईचा किडका दात काढायला घेतला आणि त्याच्या शेजारचा, चांगला ठणठणीत दात काढून हातात दिला. ताई त्यांना सुतार म्हणाली. बायको नवऱ्याची बाजू घ्यायला म्हणून म्हणाली, "तुझं तोंडच एवढं मोठं, त्यात दात चुकणारच!" त्यानंतर दोन्ही घरांत जे अबोल्याचं कुलूप लागलं ते लागलंच. सासूबाईंनी मध्ये पडून, रुसून, रडून, शेवटी जेवण टाकायची धमकी देऊन थोरलीला एवढं कबूल करायला लावलं होतं, की रविवारी पाचला ती धाकटीला आपणहून फोन करील. उचलला तर उचलला. नाही उचलला तर पुन्हा नाव काढायचं नाही.

"अहो, मी काय म्हणते," बायको म्हणाली, "माझं सिम तुमच्या फोनमध्ये घालू या ना सरळ. बॅटरीचं उद्या बघू."

डॉक्टरांनी अंगठ्याला कापूस लावला. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही."

"आहे हो. पण आजच्या दिवस…"

"अगं, अर्ध्या तासाचं काम. सिमचा ट्रे काढलाय, हा बघ, ठेवलाय इथे. हरवतोय कुठे?"

नव्या बॅटरीबरोबर पाकिटात प्लास्टिकची चिमुकली हत्यारं आली होती. ती डॉक्टरांनी "खेळणी" म्हणून आधीच बाजूला सारली होती. सोबतच्या कागदावरून बायको वाचत होती, "धातूची वस्तू अजिबात वापरू नये."

"तो आपल्यासारख्यांसाठी नाही. हौशी लोकांसाठी लिहिलाय. पुढे?"

"पुढे हौशी लोकांनी सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडवावी."

"सोडवतो. आधी जरा दिसू दे तरी. केवढी धूळ बसलीय! हवा मारतो."

डॉक्टरांच्या हातात जी नळी होती तिला दोन बटणं. एकातून हवा येते, दुसऱ्यातून पाणी, आणि दोन्ही एकदम दाबली की फवारा. इतकी वर्षं त्यांचा अंगठा दोन्ही बटणांवर एकदमच पडत आला होता. आजही पडला. फोनच्या उघड्या पोटात पाण्याचा फर्रकन फवारा उडाला.

आठवड्याचे बाकीचे सहा दिवस बायको डॉक्टरांची मदतनीस असे. फवारा उडाला की तिचा हात आपोआप पाणी ओढायच्या नळीकडे जाई. डॉक्टरांना सांगावं लागत नसे, तिला विचार करावा लागत नसे. त्या दोघांचं एवढं जुळलेलं काम बघून पेशंट तोंडात बोळे असतानाही कौतुक करत. आताही तिने डोळ्याचं पातं लवायच्या आत नळी ट्रेवर टेकवली आणि पाणी सुर्रकन ओढून घेतलं. पाण्याबरोबर ट्रेवर काढून ठेवलेले चार स्क्रू गेले. त्यांच्या मागून सिमचा ट्रे, सिमसकट, खुळखुळ करत नळीतून खाली गेला. पारदर्शक नळी होती. जाताना तो तिघांनाही नीट दिसला.

नळी घुरघुरत राहिली.

"गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

"मी… माझा हात…" बायको नळीकडे अशी बघत होती जणू नळीने तिला शिवी दिली होती. "अहो, तुम्ही पाणी का मारलंत?"

"तू ओढलंस का?"

"तुम्ही मारल्यावर मी ओढणार नाही तर काय करणार?"

एवढ्यात फोन थरथरला. खाली दबलेली स्क्रीन कडांनी उजळली, हिरवी झाली, विझली, आणि फोनच्या पोटातून फुस्स असा आवाज येऊ लागला, सायकलच्या चाकातली हवा निघावी तसा.

"काढा ते!" बायको किंचाळली.

घाबरलेला माणूस येतं ते काम करतो. डॉक्टरांनी पक्कड उचलली, बॅटरी धरली, एकदा उजवीकडे हलवली, एकदा डावीकडे हलवली, जरा पिरगळली आणि ओढली. नाही म्हटलं तरी हात कसलेला होता. बॅटरी मुळासकट आली आणि बाहेर येताच धूर सोडू लागली. डॉक्टर ती पक्कडीत धरून, हात लांब करून, "सरका, सरका!" ओरडत गॅलरीकडे धावले. तिथे रोप नसलेली, नुसत्या मातीची कुंडी होती. बॅटरी तिच्यात पडली, दोनदा फुरफुरली आणि गप्प झाली. डॉक्टरांच्या भुवया थोड्या कमी झाल्या होत्या.

"जावईबापू," सासूबाई अगदी हळू म्हणाल्या, "पाचला दहा मिनिटं कमी आहेत हो."

नळीतून जे जातं ते खुर्चीखालच्या जाळीत अडकतं. आठवडाभरात लोकांच्या तोंडातून निघालेलं सगळं तिथे असतं, म्हणून ती जाळी सोमवारी सकाळी, उपाशीपोटी धुवायची असा घरचा नियम होता. आज नियम मोडला. बायको तोंड फिरवून, श्वास रोखून चिमट्याने शोधत होती आणि डॉक्टर बॅटरी धरून बसले होते, उजेडाची. चिमट्याला एक अर्धी दाढ लागली, मग कुणाची तरी सोन्याची टोपी, आणि शेवटी सिम. दोघांनी ते साबणाने धुतलं, औषधाने धुतलं, पुसलं, फुंकलं. डॉक्टरांनी मुकाट्याने स्वतःचा फोन पुढे केला. सिम आत गेलं. कोपऱ्यात सिग्नलच्या रेघा उभ्या राहिल्या तेव्हा बायको मटकन खुर्चीत बसली.

"बघ," डॉक्टर म्हणाले, "शेवटी झालं की नाही?"

पाच वाजले. फोन बायकोच्या तळहातावर, तिघांची नजर त्याच्यावर. फोन वाजला नाही. पाच वाजून गेले. बायकोने आवाज वाढवला, तो आधीच पूर्ण होता. सव्वापाच झाले.

"नाही करायचा तिला," बायको म्हणाली. "तिने नुसतं तुझं मन राखायला हो म्हटलं गं आई."

मग फोन वाजला, पण सासूबाईंच्या पिशवीतला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांच्या फोनवर बोलणारा माणूस सगळ्या खोलीशी बोलायचा.

"आई, मी केला हं फोन," ताईचा आवाज आला. "एकदा नाही, तीनदा केला. तिन्ही वेळा घंटाही न वाजता कट. एवढा राग असेल तर राहू दे म्हणावं. कळलं मला."

बायकोने हातातल्या फोनकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांच्या तोंडाचा रंग त्यांच्या कोटासारखा झाला होता.

"अगं," ते म्हणाले, "त्या दाताच्या वेळी… ती रोज सकाळी फोन करून विचारायची ना, आज कुणाचा चुकीचा काढला म्हणून… तेव्हा मी तिचा नंबर…"

"काय नंबर?"

"माझ्या फोनमध्ये ब्लॉक केला होता. तो काढायचा राहिला."

बायकोने आ केला. सासूबाईंनीही आ केला. मग बायकोने आईच्या हातून फोन हिसकावून घेतला.

"ताई! अगं ताई, ठेवू नकोस! मी कशाला कट करू? ह्यांनी! ह्यांनी तुला ब्लॉक केलंय! तीन वर्षं! आणि मला पत्ता नाही!"

ताई म्हणाली, "त्या सुताराने?"

"सुतार बरा गं! सुतार मापून तरी कापतो! माझा फोन फोडला, सिम गटारात घातलं, घर पेटवायला निघाला होता माणूस!"

"छोटे, तू पहिल्यापासून सांग. थांब, मी जरा बसते."

बायकोने पहिल्यापासून सांगितलं. कुंडीपर्यंत आली तेव्हा दोघी एवढ्या हसत होत्या की शब्द कळेनात, आणि मध्येच त्यातलं हसणं कधी रडणं झालं तेही कळेना. "छोटे, तुझ्याशिवाय कुणाला सांगू गं," असं काहीतरी ताई म्हणाली. सासूबाई पदराने डोळे टिपत जावयाकडे अशा बघत होत्या की आशीर्वाद द्यावा की कानाखाली, हे त्यांचं ठरत नव्हतं.

आपल्याशी कुणी बोलत नाही म्हटल्यावर डॉक्टर ट्रेकडे वळले. निदान हे तरी नीट करू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. फोन आतून कोरडा केला, जाळीतून स्क्रू काढून धुतले आणि बसवले. सोबत आलेली चिकटपट्टी त्यांना कच्ची वाटली, म्हणून दातात भरायचा मसाला कडेने लावला. कोपऱ्याचा उडालेला टवका त्याच मसाल्याने भरला, घासून गुळगुळीत केला आणि पाठ दाबून मसाला कडक करायचा निळा दिवा धरला. सांधा नखालाही लागत नव्हता. असं काम दहा वर्षं हलत नाही.

मग त्यांनी ट्रे आवरायला घेतला. नवी बॅटरी ट्रेमध्येच होती.