शार्कच्या दातांची होडी

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या बेटावर अजून कुणाचाच बसलेला नाही. तरी सांगतो, कारण यांगोनाची, म्हणजे आमच्या मुळ्यांच्या पेयाची, परात अजून अर्धी भरलेली आहे आणि ती होडी तुमच्या पाठीमागेच वाळूत उपडी पडली आहे.

होडी माझ्या भाचीची, लितियानाची. काचेच्या धाग्याऐवजी नारळाचा काथ्या घालायचा आणि त्यावर रेझिन ओतायचं, ही तिची अक्कल. आमचे गावप्रमुख रातू हसले. म्हणाले, "चर्चच्या गायकांना घेऊन प्रवाळाच्या कडेपर्यंत जाऊन ये. होडी टिकली तर किनाऱ्यावरची रिकामी शेड होड्या बांधायला तुझी. फुटली तर तिथे माझी डुकरं बांधीन."

डुकरांना शेड पसंत होती. रोज येऊन बघून जायची.

लितियाना दिवसभर तिच्या लाकडी कंगव्यानं काथ्या विंचरायची. सगळं सुरळीत चाललं होतं, पण मध्ये माझा मामेभाऊ विलिकेसा तडमडला. आमच्यात मोठ्या माणसापुढे कोरडी वस्तू ठेवत नाहीत. मानाची भेट म्हणून देतात तो देवमाशाचा दातसुद्धा खोबरेल लावून चकचकीत करूनच द्यायचा. होडी रातूंना दाखवायची म्हणून या शहाण्यानं गुपचूप सगळा काथ्या तेलानं माखला.

मामेभावाची टर उडवणं हे तर आमच्याकडे कर्तव्यच. मी म्हटलं, "विल्या, हातांना एवढा खोबऱ्याचा वास कसला रे? टकलाला लावलंस वाटतं?"

"तुझ्या टकलाला पुरेल एवढं तेल या बेटावर नाही," तो म्हणाला.

निघालो. खाडीच्या मध्यावर गायकांनी उभं राहून वरचा सूर लावला आणि पायातून बूट निघावा तसं बाहेरचं रेझिन आतल्या काथ्यावरून सटकलं! एका होडीच्या दोन झाल्या. रेझिनच्या होडीत मी एकटा पुढे, काथ्याच्या टोपलीत गायक मागे. त्यांनी पहिलं कडवं पाण्यावर म्हटलं, दुसरं पाण्याखाली. सूर मात्र हलला नाही.

किनाऱ्यावर लितियाना कमरेवर हात ठेवून उभी. "मामा, काथ्याला तेल कुणी लावलं?"

विलिकेसाच्या बोटांवर मुंग्या चढत होत्या, तेवढं पुरलं.

"तेलकट धाग्याला रेझिन धरेल कसं? रातू, आणखी एकदाच!"

रातूंनी मान डोलावली. डुकरं तोवर शेडमध्ये शिरलीच होती. त्यांना हाकलताना विलिकेसाचं धोतर, म्हणजे आमचा सुलू, त्यांनी खाल्लं.

मग पोरीनं काथ्या तिवराच्या राखेच्या पाण्यात भिजत घातला. तेल गेलं, काथ्याचा मूळचा मेणचटपणाही गेला. धागा विलिकेसाच्या दाढीसारखा खरखरीत झाला. गोड्या पाण्यात धुतला, उन्हात वाळवला, तेव्हा कुठे रेझिन ओतलं. ते धाग्याच्या खाचाखाचांत शिरून बसलं. त्या धांदलीत हिचा कंगवा हरवला आणि शिव्या खाल्ल्या आम्ही.

पुन्हा निघालो. तेच गायक, तोच सूर. होडी हूं की चूं करीना. एवढ्यात चर्चएवढा शार्क आला आणि त्यानं होडीला कडकडून चावा घेतला! रेझिन बाहेरून जरा ओलं होतं. दात चिकटले ते चिकटलेच. बिचाऱ्याला सोडवेना, धरवेना. त्यानं आम्हाला प्रवाळाच्या कडेपर्यंत ढकलत नेलं आणि परत आणलं. वल्हं म्हणून कुणी हातात घेतलं नाही. शेवटी दात इथेच ठेवून बोळका होऊन गेला. रातूंनी तिथल्या तिथे शेड लितियानाला दिली.

खोटं वाटतं? वळा मागे. ती दातांची रांग दिसते ना? ओढून बघा. ओढा, ओढा, लाजू नका! नाही ना निघत? याला म्हणतात पकड. ही बघा, लितियानाच आली. ये ग पोरी, पाहुण्यांना सांग जरा, हे दात कुणाचे...

"अगंबाई! मामा, हा तर माझा कंगवा!"