टोक धरायला आलेली

दोरवाल्या काकूचं आणि तिच्या मुलाचं फोनवर भांडण जुंपलं की आमच्या आळीला त्यातलं अर्धंच ऐकू यायचं. उरलेलं अर्धं आम्हाला पाठ होतं. मुलगा शहरातून सांगत असणार, आई, घराला कुलूप लाव आणि इकडे ये. ती म्हणायची, तुझ्या तिसऱ्या मजल्यावर मी काय वळू, सुनेच्या वेण्या? मग तो बहुतेक विचारत असावा की तिथे तुझं आता आहे तरी कोण. त्यावर ती फोन ठेवून द्यायची.

तिचं अंगण चिंचोळं आणि लांबच लांब. पिढ्यान्‌पिढ्या पायांनी तुडवून माती अशी घट्ट झालेली की पावसाळ्यातसुद्धा तिथे गवताची काडी उगवत नाही. अंगणाच्या एका टोकाला चाक, चाकाला तीन आकडे. आकड्यांना वाखाचे, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचे, तीन पेड अडकवायचे, एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं पलीकडचं टोक धरून मागे रेलायचं. पीळ चढतो तसा दोर आखूड होतो. मग टोकावरचा माणूस ताण न सोडता पावलापावलानं पुढे सरकतो. काकू चाकावर आणि नवरा टोकावर, असाच त्यांचा संसार झाला. मनातलं काही बोलायचं तर दोर पुरा व्हायची वाट बघायची, कारण तेव्हाच दोघं बोलण्याइतके जवळ यायचे.

या धंद्यातल्या घरांची एक रीत आहे. टोक हातात घेतलं की दोर पुरा होईपर्यंत सोडायचं नाही, आणि चाकावरच्यानंही कधी 'सोड' म्हणायचं नाही. म्हटलं तर तो माणूस आपल्याला नकोसा झाला, असा त्याचा अर्थ.

नवरा गेला. दिरानं थोडे दिवस टोक धरलं, मग तो टेम्पो चालवायला लागला. पोट काय दोरानं भरतंय, तो म्हणाला, आणि त्याचंही खोटं नव्हतं. पण काकू नळावर सगळ्यांदेखत बोलून गेली, भाऊ गेला आणि यानं टोक टाकलं. तिथेच तिची धाकटी जाऊ घागर भरत होती. तेव्हापासून दोघींचं तोंडाला तोंड नाही. दोन्ही घरांमधली भिंत खांद्याएवढी, पण जाऊ भांडी घासायला बसायची तीसुद्धा भिंतीकडे पाठ करून.

टोकावर माणूस नाही म्हणताना काकूनं गाडा केला. जुनी हातगाडी, तिच्यात दगड, आणि तिच्या चाकाला सायकलच्या रबराचा ब्रेक. त्या ब्रेकला मोडक्या वजनकाट्याची स्प्रिंग. ताण वाढला की स्प्रिंग ब्रेक ढिला करते आणि गाडा इंचभर पुढे येतो, ताण उतरला की थांबतो. दोरानं मागितलं तेवढंच द्यायचं, जास्त नाही. आळी हसली. एका हातानं टाळी वाजत नाही बाई, म्हणाली. पण दोर सरळसूत निघाला. फक्त हातानं चाक फिरवून एकटीचा माल निघणार किती? चाकाला मोटार बसली तर काकू गावात तगणार होती.

राजधानीत उद्योग-व्यापाराचं एक मोठं खातं आहे. कुणी नवं काही शोधून काढलं तर ते बघायला माणूस पाठवतं आणि पटलं तर यंत्र घ्यायला हात देतं, माल विकायला गिऱ्हाईक गाठून देतं. माझी लेक मांडीवर झोपली होती तेव्हा मीच मोबाइलवरून त्यांना कळवलं होतं. येतो म्हणून निरोप आला. काकूनं मुलाला सांगून टाकलं, त्यांनी नाही म्हटलं तर घराला कुलूप लावते आणि तुझ्याकडे येते. हो म्हटलं तर तू पुन्हा तो विषय काढायचा नाही.

ज्या दिवशी खात्याची साहेबीण आली त्या दिवशी सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. वाख हातात तुटत होता, म्हणून काकू तो ओला करायला मागच्या दारी गेलेली. बाहेर येऊन बघते तर गाडा अंगणात नाही. कुंपणामागे ढकललेला. आणि टोकावर, पदर खोचून, जाऊ उभी.

मी लेकीला कडेवर घेऊन जवळच होते. जाऊ माझ्याकडे न बघता पुटपुटली, "सरकारची माणसं येणार, आणि या घरात टोक धरायला दगड ठेवलेत हे त्यांनी बघायचं?"

काकूला सगळं समजलं असणार. तिनं पेड अडकवले आणि ती चाक फिरवायला लागली. जाऊ मागे रेलली. हाताला सवय नसली तरी नवऱ्याच्या घरची रीत तिच्या अंगात होती. पीळ चढायला लागला. जाऊ एक पाऊल पुढे आली, मग आणखी एक. काकूची नजर तिच्या पावलांवरच होती. इतका सावकाश दोर मी तिला कधी वळताना बघितला नव्हता.

साहेबीण बिचारी भली होती. थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली की दोर सुरेख आहे, पण असे दोर तर सगळीकडेच वळतात, दोन माणसं लावून. आमचं खातं नव्या गोष्टीला मदत करतं. नवं म्हणून कळवलं होतं ते कुठेय? तिला पुढे आणखी एका गावाला जायचं होतं. ड्रायव्हर गाडीत जाऊन बसलाही होता.

जाऊ अर्ध्या अंगणात आली होती. आणखी थोडा दोर, की दोघी समोरासमोर.

काकूचा हात थांबला.

"सोड," ती म्हणाली.

जाऊ तशीच धरून उभी.

"सोड बाई. मी एकटीच वळते."

जाऊनं टोक सोडलं. तिन्ही पेड उसळून मातीत वेटोळे होऊन पडले. तिनं तळहात पदराला पुसले, फाटक ओढून घेतलं आणि घरी गेली.

गाडा मी आणि ड्रायव्हरनं ओढून आणला. दोर वळला गेला. साहेबीण ब्रेकपाशी उकिडवी बसली, स्प्रिंग दाबून बघितली, चार प्रश्न विचारले आणि खूश झाली. खात्याला दाखवायला व्हिडिओ लागतो म्हणून तिनं मोबाइल धरला.

"म्हणजे दुसऱ्या माणसाची गरजच नाही?"

"नाही," काकू म्हणाली.

वाऱ्यानं आवाज नीट आला नाही, जरा मोठ्यानं सांगा, साहेबीण म्हणाली. भिंतीपलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता. काकूनं भिंतीकडे बघितलं आणि मोठ्यानं सांगितलं, दुसऱ्या माणसाची गरज नाही. पलीकडचा आवाज थांबला.

खात्यानं शब्द पाळला. मोटार आली, बंदरावरचं गिऱ्हाईक आलं. मुलाचा कुलपाचा हट्ट संपला आणि भांडण संपल्यावर त्याचे फोनही कमी झाले. आता चाक मोटार फिरवते, टोक गाडा धरतो, आणि काकू मधोमध पाट टाकून वाखावर पाणी शिंपडत बसते. दिवस दिवस तिच्या तोंडातून शब्द निघत नाही. मी लेकीला घेऊन जाते तेव्हा लेकीशीच बोलते, तेही मोटारीच्या घरघरीत विरून जातं.

परवा तिनं भर दुपारी मोटार बंद केली. मला वाटलं वीज गेली. बघते तर ती भिंतीपाशी उभी.

"अगं," ती पलीकडे म्हणाली, "मोटारीचा आवाज फार होतो का?"

जाऊ मागे वळून न बघता म्हणाली, "होतो. पण सांगून काय उपयोग? सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

काकू माझ्याकडे वळली. चेहरा असा, जणू कुणी ओटी भरून काही दिलंय.

"बोलली," ती मला हळूच म्हणाली.

काल दुपारी मोटार पुन्हा बंद झाली. मी लेकीला थोपटत ऐकत होते. काकू भिंतीशी जाऊन तेच विचारत होती, आवाज फार होतो का म्हणून.